दुसरीकडे तोंड केलेला मोर

मंडळाच्या दिवाळी अंकात समाजातल्या कर्तबगार तरुणांची ओळख छापायची ठरली, तेव्हा हेमराजचं नाव मीच दिलं. द्यायचंच होतं. सुरतेत डिंडोली, नवागाम, उधना, कुठेही फिरा आणि विचारा, साडीच्या दुकानाचं पान इंटरनेटवर टाकणारा आपल्या खान्देशातला पहिला पोरगा कोण. दुसरं नाव कोणी घेतलं तर त्याला माझ्यासमोर आणा.

मंडळाचे लोक म्हणाले, "भटूभाऊ, चार ओळी द्या. शिक्षण काय, धंदा काय, बस." मी म्हटलं, माझा भाऊ चार ओळींत बसत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेलो, बोलतो तसंच लिहिणार. पण हेमराजने एक अट घातली. म्हणाला, "लिहायचं तर मोराच्या साडीचंही लिही. नाहीतर माझं नाव काढून टाक." मला ते नको होतं. अंकात कोणी असलं लिहितं का. पण तो हटेना, म्हणून सगळंच लिहितो.

आम्ही पारोळ्याकडचे. आई लवकर गेली. मी आधी सुरतेला आलो, लूमवर लागलो, आणि मग हेमराजला बोलावून घेतलं. तेव्हा तो चड्डीत होता. नवागामला आमच्याच गावची भागीरथी मावशी राहायची. सख्खी नाही, गावनात्याने मावशी. तिच्या खोलीपुढच्या पडवीत आम्ही दोघं भाऊ राहिलो. माझी पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी घरी यायचो तेव्हा हा मावशीच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन, तिच्याच पोरांच्या रांगेत झोपलेला असायचा. तिने कधी हा कोणाचा पोरगा म्हणून विचारलं नाही.

हेमराज म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकला. पुढे गुजरातीतून शिकला, कॉमर्स केलं, आणि कॉम्प्युटरचा क्लास लावला. तेव्हा आमच्या गल्लीत कॉम्प्युटर म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. प्लेगाच्या वर्षी अर्धी सुरत गाड्या भरभरून गावाकडे पळाली. आम्हीपण गेलो. हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी परत आला. का, तर क्लासमधली मशीन रिकामी मिळेल. मावशी त्याच्या मागे स्टेशनपर्यंत शिव्या देत गेली होती. मी मात्र सगळ्या गावात सांगत फिरलो, की बघा, माझा भाऊ मरणाला भीत नाही.

मग माझ्या ओळखीने तो ठाकोरशेठच्या दुकानात बिलं काढायला लागला. लूम सोडून मी आधीच तिथे होतो. माझं काम जॉबवर्कचं. म्हणजे दुकानातून साड्यांची पोटली बांधून नवागाम-डिंडोलीत बायकांच्या घरी पोचवायची, त्यांनी लेस लावली, स्टोन चिकटवले, की परत आणायची. भागीरथी मावशी हेच काम करायची. नवरा वारल्यापासून तिचं घर त्यावरच चालायचं. स्टोन असा बसवायची, की साडी दगडावर आपटा, निघणार नाही. मार्केटात मी छाती ठोकून सांगायचो, की ही माझी बाई.

दोनेक वर्षांपूर्वी हेमराजने शेठच्या डोक्यात इंटरनेट घातलं. फोनची वायर एका डब्यात घालायची, आधी कुई-कुई, मग खर्रर्र, आणि लागलं तर लागलं. शेठला एकच काळजी. "फोन एंगेज रहेगा तो वेपारी कहाँ जाएगा?" म्हणून हा जेवणाच्या सुट्टीत बसायचा. फुकट जागा मिळते तिथे त्याने दुकानाचं पान बनवलं. वर शेठचं नाव मोठ्ठं, खाली साड्यांचे फोटो, आणि तळाला किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. सुरुवातीला तो आकडा आम्हीच वाढवायचो. मी, हा आणि शेठ. मग एक दिवस दुबईच्या व्यापाऱ्याचा ईमेल आला, की तिसऱ्या फोटोतला माल पाठवा.

त्या दिवशी मी मार्केटच्या तिन्ही मजल्यांवर फिरलो. पूर्वी व्यापारी गाडीत दोन दिवस काढून यायचा, गादीवर बसून चहा प्यायचा, आणि मग माल पाहायचा. आता घरी बसल्या मागवतो, आणि ही करामत माझ्या भावाची. शेठने पानाचा पत्ता थैल्यांवर छापला, कॅलेंडरवर छापला. आमच्या चहावाल्याला तो मी तोंडपाठ करायला लावला होता.

आता मोराचं.

सुरतेत नवी डिझाइन म्हणजे लग्नाआधीची पोरगी. झाकून ठेवायची. सीझनचा माल बाजारात यायच्या आधी गादीच्या खोलीचं दार लावून फक्त जुन्या व्यापाऱ्यांना दाखवतात. मी पोटलं नेतो तेव्हा साडी उलटी घडी घालून नेतो, रंग बाहेर दिसायला नको. बायकांनापण सांगून ठेवलेलं असतं, नवा माल ओट्यावर बसून करायचा नाही, घरात करायचा. एक नमुना फुटला की समोरचा स्वस्तातल्या कापडावर तीच डिझाइन छापून आधी बाजारात उतरतो. मग मूळवाल्याने आपला माल घरीच नेसावा.

या वर्षी राखीच्या सीझनला शेठने मोराची साडी काढली. पदरावर वेलबुट्टी, मधोमध एकच मोठा मोर, आणि मोराच्या डोळ्यात निळा स्टोन. पहिला नमुना मी भागीरथी मावशीकडे दिला. दुसऱ्या कोणाला दिलाच नाही. मावशीने डोळा असा बसवला, की मोर आपल्याकडेच बघतो असं वाटायचं.

शेठ म्हणाला, दुबईवाल्याला आधी दाखव, तो मोठी ऑर्डर देईल. हेमराजने पदर स्कॅनरच्या काचेवर ठेवला. पदर मोठा, काच लहान. तुकड्या-तुकड्याने फोटो काढून जोडले. जोडावर वेलीचं एक पान अर्धं कापलं गेलं. त्याने शेठला दाखवलं, पण शेठचं लक्ष दुसरीकडेच. पानावर शेठचं नाव वर डाव्या बाजूला, आणि मोराची शेपटी नेमकी तिकडे. "ए हेमराज, मोर मारा नाम ने पूंछडी बतावे छे. फेरव एने." हेमराजने बटण दाबलं आणि मोराचं तोंड फिरवलं. आता मोर शेठच्या नावाकडे बघायला लागला. शेठ खूश, आम्ही हसलो, आणि फोटो इंटरनेटवर गेला.

तुम्ही म्हणाल, एवढं झाकून ठेवता आणि तिकडे उघडं टाकता? पण खरं सांगतो, कोणाच्या मनात आलं नाही. इंटरनेट म्हणजे दुबई, लंडन, परदेश. ते सुरतेतच, आमच्या समोरच्या मार्केटातपण उघडतं, हे मला सोडा, शेठला सोडा, हेमराजलापण त्या वेळी सुचलं नाही. आमच्या सगळ्या गल्ल्यांत मिळून तेव्हा असे डबे होते तरी किती.

राखीच्या आधीच समोरच्या मार्केटात मोर आला. पातळ कापड, भडक रंग, डोळ्यात स्टोनच्या जागी छापलेला ठिपका. पण मोर आमचा. शेठने एक साडी मागवून गादीवर आपटली. गादीवर चार व्यापारी बसलेले, बाहेर मजूर उभे.

"भटू, सँपल किसके घर था?"

मी म्हटलं, "भागीरथीबाईकडे. पण शेठ, ती तसली बाई नाही."

"तसली नाही तो मोर उडके गया? उस बाई का काम बंद. माल फोडती है."

गादीवरचं बोलणं सगळ्या मार्केटचं होतं. संध्याकाळपर्यंत नवागामला पोचलं. दुसऱ्या दुकानांच्या माणसांनीपण मावशीकडे पोटलं टाकायचं बंद केलं. माल फोडणारी म्हणून एकदा नाव निघालं की सुरतेत त्या बाईला कोणी साधा धागापण देत नाही.

हेमराज कमवायला लागल्यावर आम्ही डिंडोलीला खोली घेतली होती. रविवारी मावशी तिकडे आली. मला वाटलं भांडायला आली. मी तयारी करून बसलो होतो, की शेठचा हुकूम, मी काय करणार. ती आत आली आणि दाराशीच खाली बसली. खुर्ची दिली तर घेईना.

"भटू," ती म्हणाली, "मनी चूक व्हयनी रे."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"लाइट गयी व्हती, म्हनीसन मी दारमा बठनू. मंगला ऊनी. साडी हातमा लिसन देखी. एकच डाव. मनामुये तुनं नाव गयं."

मंगलाबाई म्हणजे मावशीची शेजारीण. तीपण स्टोनचंच काम करते. मावशीने सगळा हिशोब आपल्याशी लावून टाकला होता. मंगलाने पाहिलं, मंगलाने सांगितलं. मग मंगलाच्या दारात जाऊन, चार बायकांदेखत तिला चोर म्हटलं. आता मंगलाचंपण काम बंद. दोघी एका नळावर पाणी भरतात आणि तोंडं फिरवतात. मावशी म्हणाली, मी नव्या मालाला दारात बसायलाच नको होतं. तुझ्या तोंडावर मी काळं फासलं. मला माफ कर.

जिने आम्हाला खाऊ घातलं ती माझ्या उंबऱ्यावर बसून हात जोडत होती. "जाऊ दे मावशी," म्हटलं, "चूक माणसाचीच होते." मोठ्या मनाने म्हटलं. त्या वेळी मला ते मोठं मनच वाटलं.

हेमराज कोपऱ्यात बसला होता. समोरच्याची ती साडी मी घरी आणली होती, ती त्याच्या मांडीवर होती. तो मावशीकडे बघेना. पदर उलटा करून बघत होता, सुलटा करून बघत होता. मग बोटाने वेलीवर काहीतरी शोधायला लागला. त्याचं बोट एका जागी थांबलं, आणि चेहरा असा झाला, जसं कोणी थोबाडीत मारावी.

मावशी गेल्यावर तो म्हणाला, "दादा, मोराचं तोंड बघ."

"काय झालं तोंडाला?"

"आपल्या साडीतला मोर उजवीकडे बघतो. हा डावीकडे. मी फिरवला होता तसा. आणि हे वेलीचं पान बघ. अर्धं कापलेलं. हे साडीत कापलेलं नाही दादा, माझ्या फोटोत कापलेलं आहे."

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी आधी दार लावलं.

"कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तर कळलं."

"मग सांगू नको."

"दादा, मावशी..."

"मावशीला मी काम मिळवून देईन. दुसऱ्या शेठकडे, कडोदऱ्याला, चलथाणला, कुठेही. तू तोंड उघडलंस तर मार्केटात तुला कोणी उभं करणार नाही. आख्ख्या मार्केटला मी सांगितलंय, माझा भाऊ इंटरनेटवाला."

"तेच तर," तो म्हणाला. "तू सगळ्यांना सांगितलंय. आता हेपण सांग."

मी त्याच्यावर हात उचलला नाही, एवढंच. नाही ते सगळं बोललो. तुला शिकवायला मी लूमवर कान बहिरे केले, ते या दिवसासाठी का. त्याने ती साडी घडी करून उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला राग याचाच आला होता, की तो चुकीचं बोलत नव्हता.

सोमवारी तो दोन्ही साड्या घेऊन शेठच्या गादीवर गेला. मी मागे-मागे. त्याने दोन्ही पदर पसरले, मोर दाखवले, वेलीचं अर्धं पान दाखवलं, कॉम्प्युटर उघडून इंटरनेटचं पानपण दाखवलं. शेठ मुळात हुशार माणूस. सगळं बघेपर्यंत त्याचं तोंड उतरलं. मोर फिरवायला कोणी सांगितलं होतं, ते त्यालापण आठवलं असणार.

शेवटी शेठ हळू म्हणाला, "कोई ने कहेवानुं नथी. मैंने खुद मेरा माल फोड़ा, ऐसा मार्केट में बोलूँ? लोग हँसेंगे. भटू, बाई को काम चालू कर दे, चुपचाप."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "बघ, झालं."

हेमराज म्हणाला, "शेठ, तुम्ही गादीवर बोलला होतात. गादीवरच परत बोला."

"तू मुझे सिखाएगा?"

"नाही. पण तिचं नाव इथूनच गेलं."

शेठ म्हणाला, आजपासून तू येऊ नकोस, आणि ते इंटरनेटचं पान आधी काढून टाक. हेमराज म्हणाला, "काढतो. पण दोन बायकांना एकदा दाखवून." आणि दोन्ही साड्या उचलून निघाला. पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडेच होती. शेठ काय करणार.

तिथून तो सरळ नवागामला गेला. दुपारची वेळ. बायका आपापल्या दारांत बसलेल्या. त्याने मावशीच्या ओट्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मावशीने माल फोडला नाही, मंगलाबाईनेपण नाही, मी फोडला. कॉम्प्युटरमधून.

आणि कोणी विश्वासच ठेवला नाही.

एक बाई म्हणाली, "कॉम्प्युटरमधून साडी कशी जाईल रे बाबा?" दुसरी म्हणाली, "पोरगं किती गुणाचं. मावशीने वाढवलं, तर तिच्यासाठी आपल्या अंगावर घेतं." बाजूची म्हणाली, "भटू, भाऊ असावा तर असा." मी तिथेच उभा होतो. आयुष्यभर मला त्याची अशी वाहवा ऐकायची हौस, आणि त्या दिवशी प्रत्येक शब्दाला मान खाली जात होती. हेमराज समजावत होता, फोन, वायर, फोटो, आणि जितकं समजावी तितक्या त्या बायका त्याला जास्तच चांगला म्हणत. त्याचे डोळे भरून आले, तर म्हणाल्या, "बघा, किती जीव लावतो."

मावशीने त्याला हाताला धरून खाली बसवलं. "मनासाठे खोटं नको बोलू," ती म्हणाली. "जे व्हयनं ते मनामुये व्हयनं."

मंगलाबाई आपल्या दारातूनच बोलली, "हा तुझा, तू त्याची. चोर मी एकटी राहिले."

तेव्हा हेमराजने दोघींच्या पाया पडून सांगितलं, एक डाव माझ्याबरोबर चला. स्टेशनजवळ एक सायबर कॅफे आहे. दोघी एका रिक्षात बसायला तयार नाहीत. शेवटी मावशी आणि हेमराज एका रिक्षात, मंगलाबाई आणि मी दुसऱ्या. वाटेत मंगलाबाई म्हणाली, "भटूभाऊ, तुझा भाऊ मला काय दाखवणार आहे, सिनेमा?" मी म्हटलं, "बघ तर खरी." एवढं कमी मी आयुष्यात बोललो नसेन.

कॅफेत कॉलेजची पोरं-पोरी बसलेली. लुगड्यातल्या दोन बायका पाहून मालकाला वाटलं, पाणी मागायला आल्या. म्हणाला, "माजी, अहियां पाणी नथी मळतुं." हेमराजने दोघींना आपल्या दोन बाजूंना बसवलं. मांडीवर दोन्ही साड्या. आधी शेठचं नाव आलं. मग खाली फोटो यायला लागला, वरून एकेक रेघ, पडदा खाली सोडल्यासारखा. तुरा आला. मग डोकं. मग निळा डोळा.

"हाऊ मोर मना शे," मावशी पटकन म्हणाली. "याना डोया मी लाया." तिच्या तोंडावर क्षणभर आनंदच होता. कोणी तिचं काम काचेआड लावलंय, असं वाटलं असेल.

मग मंगलाबाईने समोरच्याची साडी उचलली आणि काचेला लावली. मोराचं तोंड एकाच बाजूला. मग आमची साडी लावली. तोंड दुसरीकडे. हेमराजने त्या अर्ध्या पानावर बोट ठेवलं, आधी काचेवर, मग साडीवर.

"हे कोण बघू शकतं?" मंगलाबाईने विचारलं.

"कोणीही. इथे बसलेलं कोणीही."

"समोरचा शेठपण?"

"त्यानेच बघितलं."

मावशीने एकदा त्या मोराकडे बघितलं. मग उठली. हेमराजला काही बोलली नाही. मंगलाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो काढला नाही, आणि दोघी बाहेर गेल्या. जाताना एकाच रिक्षात बसल्या. आम्हाला चला म्हणालं नाही कोणी. हेमराजने तिथेच बसून फोटो काढून टाकला, मग सगळं पान काढून टाकलं. तळाचा आकडा कितीवर गेला होता ते मी पाहिलं. लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठच्या हुकुमाने मी मावशीकडे पोटलं घेऊन गेलो. तिने गाठ सोडली नाही. म्हणाली, शेठने गादीवर बोलावं, मग सोडेन. मी मंगलाबाईकडे गेलो. तिनेपण सोडली नाही. मग तिसरीने, चौथीने. ज्या बायका काल हेमराजला गुणाचा म्हणत होत्या, त्यांना रात्रीतून दोघींनी काय सांगितलं कोण जाणे. तीच पोटली मी उचलून परत नेली. राखी तोंडावर, माल बिनस्टोनचा पडलेला. शेठने बघितलं आणि संध्याकाळी गादीवर, व्यापाऱ्यांदेखत म्हणाला, "वो बाई का कसूर नहीं था. कॉम्प्युटर का था." हेमराजचं नाव घेतलं नाही, स्वतःचं तर नाहीच. पण बोलला. तेवढ्याने मार्केट बोलायचं थांबलं. मावशीचं काम चालू झालं, मंगलाबाईचंपण. आता दोघी एकाच ओट्यावर बसतात.

मंडळाला जी माहिती हवी ती ही. हेमराज आता सहा दुकानांची पानं सांभाळतो. कुलूप असलेली पानं बनवतो. ज्या व्यापाऱ्याला शेठ पासवर्ड देईल त्यालाच नवा माल दिसतो, बाकीच्यांना जुना. ही गोष्ट आता बाकीचेपण करायला लागलेत, पण आपल्याकडे आधी कोणी केली, ते मी सांगायची गरज नाही. नवीन शेठ आला की हा पहिलं विचारतो, तुमचा माल कोणाकोणाच्या हातून जातो. शेठ लोक चिडतात, याला काय करायचं म्हणून. तो सगळ्यांची नावं विचारूनच काम हातात घेतो.

पण नवागामला जायचा बंद झाला. सणाला नाही, रविवारी नाही. मी म्हटलं, मावशी तुला एक शब्द बोलली नाही, मग कशाला लाजतोस. तो म्हणाला, "बोलली नाही म्हणूनच." घरात कोणी मोराचा विषय काढला तर उठून बाहेर जायचा.

नवरात्र संपल्यावर मावशीने मला विचारलं, "हेमराज का येत नाही?"

माझ्या तोंडी उत्तर तयारच असतं. "कामात आहे मावशी. सहा दुकानं सांभाळतो. वेळ कुठे."

"खोटं बोलू नको भटू," ती म्हणाली. "त्याला सांग, मी रागावलेली आहे. खूप रागावलेली आहे. समोर येऊन ऐकून घे म्हणावं."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, हा अजून आत शिरेल. पण तो उठला, चप्पल घातली, आणि निघाला. सायकलपण नेली नाही. मी मागे गेलो, मोठा भाऊ आहे, जायला पाहिजे.

मावशी ओट्यावर बसून लेस लावत होती. शेजारी मंगलाबाई. हेमराज समोर जमिनीवर बसला. मावशीने मान वर केली नाही, हातपण थांबवला नाही, आणि सुरू झाली. माझ्या दारात मला चोर केलंस. माझ्याच हाताने मंगलाला चोर करायला लावलंस. कॉम्प्युटर आला म्हणून डोकं गहाण ठेवलंस का. तुझ्या त्या काचेत माझा मोर टाकायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस. मध्येच मंगलाबाईने आपली एक भर घातली. गल्लीतल्या पोरी ऐकायला उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, एवढं..." तर ती म्हणाली, "तू गप. तुझीपण पाळी येणार आहे." आणि माझी पाळी आली. मोठं मन करून 'जाऊ दे' म्हणाला होतास ना, ते कोणाला जाऊ दे म्हणत होतास. मी ऐकून घेतलं. आजवर माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही.

हेमराज मान खाली घालून बसला होता, आणि किती दिवसांनी त्याचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. तो थोडा पुढे सरकला, तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. मावशीने लेसचा धागा दाताने तोडला.

"पाय सरकाड," ती म्हणाली. "मालवर पडी राहिना तुना."

त्याने पाय मागे घेतला, आणि ती पुढचं बोलायला लागली.